स्नूकरच्या क्रमवारीत साठाच्या खाली: व्यावसायिक खेळाडूच्या पोटापाण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर दिसतात ते पहिले सोळा, फार तर बत्तीस. वर्ल्ड स्नूकर टूरवर मात्र साधारण १२८ खेळाडू असतात. त्यातल्या खालच्या अर्ध्या खेळाडूंचं कसं चालतं, याबद्दल क्लबात आणि पार्लरमध्ये बऱ्याच वावड्या उठत असतात. एक सांगतो लाखो पौंड मिळतात, दुसरा सांगतो सगळे भिकेला लागलेत. खालचे प्रश्न नेहमी येणारे आहेत. खेळाडू, पालक आणि या पोरांना पैशाचं पाठबळ देऊ पाहणारे, तिघांनाही उपयोगी पडावेत अशी उत्तरं दिली आहेत.

‘खालच्या क्रमांकाचा’ म्हणजे नेमका कोण?

व्यवहारात रेषा ६४ वर आहे. हंगामाच्या शेवटी जागतिक क्रमवारीत पहिल्या ६४ मध्ये असलेल्याचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना, टिकतं. त्याखालच्याची दोन वर्षांची मुदत संपली असेल तर तो टूरबाहेर जातो. म्हणजे ६३ वा आणि ६६ वा यांच्या खेळात काडीचा फरक नसतो, पण एकाला पुढच्या मोसमाचं वेळापत्रक मिळतं आणि दुसऱ्याला पुन्हा पात्रतेची रांग.

क्रमवारी ठरते कशी?

२०१४ पासून गुण म्हणजे थेट बक्षिसाची रक्कम. रँकिंग स्पर्धेत कमावलेला एक पौंड म्हणजे एक गुण. गेल्या दोन वर्षांची बेरीज चालू राहते आणि जुन्या स्पर्धेचे पैसे नव्या मोसमातली स्पर्धा आली की गळतात. त्यामुळे एका मोठ्या आठवड्यावर वर आलेला खेळाडू बरोबर दोन वर्षांनी एकदम दहा-पंधरा जागा घसरू शकतो. खेळ बिघडलेला नसतो, जुने पैसे गळलेले असतात.

बारीक अक्षरातला एक नियमही लक्षात ठेवा. टप्प्याटप्प्याने खेळाडू दाखल होणाऱ्या स्पर्धांत, मानांकनामुळे पुढच्या फेरीतून सुरुवात करणारा खेळाडू पहिलाच सामना हरला, तर त्याला पैसे मिळतात, पण ते क्रमवारीत धरले जात नाहीत.

टूर कार्ड मिळवायचे मार्ग कोणते?

मुख्य मार्ग क्यू स्कूल. २०११ पासून चालू आहे. शाळा वगैरे काही नाही, सलग काही दिवसांची बाद पद्धतीची स्पर्धा, प्रवेश फी भरून. उपांत्य फेरी गाठली की दोन वर्षांचं कार्ड. आशिया-ओशनियासाठी वेगळी क्यू स्कूल होते आणि ती अलीकडच्या वर्षांत बँकॉकला भरवली गेली, त्यामुळे भारतीय खेळाडूला इंग्लंडचं तिकीट न काढता प्रयत्न करता येतो. याशिवाय क्यू टूर नावाची हौशी खेळाडूंची मालिका, आशियाई विजेतेपद, वर्ल्ड स्नूकर फेडरेशनची स्पर्धा आणि महिलांच्या टूरची क्रमवारी यांतूनही जागा मिळतात. कोणत्या मार्गाने किती जागा हे दर मोसमाला थोडं बदलतं. त्या वर्षीचं पत्रक वाचल्याशिवाय फी भरू नका.

क्यू स्कूलमध्ये चांगले खेळाडू अडकतात ते सामने छोटे असल्यामुळे. चार फ्रेम (म्हणजे डाव) आधी जिंकायच्या अशा सामन्यात समोरच्याला दोन फ्लूक (नशिबाने पडलेले चेंडू) आणि एक मोठा ब्रेक (एका पाळीत सलग केलेले गुण) लाभला की तुमचं वर्ष गेलं. तिथे शतकी ब्रेकपेक्षा ५०-६० चा ब्रेक आणि मागून घट्ट सेफ्टी (समोरच्याला सोपा फटका न ठेवणं) यांनी जास्त फ्रेम जिंकल्या जातात.

कार्ड दोन वर्षांचं असतं, मग पहिलं वर्ष शिकण्यात घालवलं तर चालेल का?

नाही. सगळ्यात जास्त करिअर इथेच संपतात.

नवा खेळाडू शून्यावर सुरू होतो. पहिल्या मोसमाच्या शेवटी तो कितवाही असो, कार्ड जात नाही, म्हणून निवांतपणा येतो. पण दुसऱ्या मोसमाच्या शेवटी दोन्ही वर्षांची बेरीज पाहिली जाते आणि त्याची तुलना होते ती वर्षानुवर्षं टूरवर असलेल्यांच्या दोन पूर्ण वर्षांच्या बेरजेशी. पहिल्या वर्षी कोरं राहिलेल्याला दुसऱ्या वर्षी दुप्पट कमवावं लागतं, तेही घाबरत. वर्षभराच्या यादीतून काही जागा वाचवल्या जातात, पण त्या मोजक्या आणि त्यांच्यामागे सगळेच लागलेले असतात.

दोन वर्षांचा मिळून एकच हंगाम समजा आणि पहिल्या स्पर्धेपासूनच हिशेब ठेवा. कोणत्या स्पर्धेतून किती आले, ६४ व्या क्रमांकावर आज किती रक्कम आहे, अंतर किती. दर स्पर्धेनंतर पाच मिनिटांचं काम आहे.

हरल्यावर किती मिळतात?

बहुतेक स्पर्धांत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला काहीच नाही किंवा अगदी किरकोळ. ४-० हरायला दीड तास पुरतो. हॉटेल, रेल्वे, जेवण सगळं खिशातून गेलेलं असतं.

शूट आउट ही दहा मिनिटांच्या एका फ्रेमची स्पर्धा. तिला २०१७ मध्ये रँकिंग दर्जा मिळाला तेव्हा बरीच ओरड झाली. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला तिथे २५० पौंड मिळत आले आहेत.

खरा फरक पडतो तो एप्रिलमध्ये, शेफील्डच्या जागतिक अजिंक्यपद पात्रता फेरीत. २०२० पासून २०२५ पर्यंतची शिडी अशी होती: पहिला सामना हरला तर शून्य, एक जिंकून हरला तर ५,००० पौंड, दोन जिंकून १०,०००, तीन जिंकून १५,०००. चारही जिंकून क्रूसिबल थिएटरमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पोहोचला आणि तिथे पहिलाच सामना हरला तरी २०,०००. २०२३ पासून सगळे सामने १९ फ्रेमचे, दोन सत्रांत. तळाचे खेळाडू पहिल्या फेरीपासून, ४९ ते ८० दुसरीपासून, १७ ते ४८ तिसरीपासून. म्हणून ८० वा आणि ८१ वा क्रमांक यांतही जीव अडकलेला असतो.

मोसमाच्या शेवटी शेफील्डला एकाच हॉलमध्ये पार्टिशनच्या आडोशाने टेबलं मांडलेली असतात आणि कार्ड वाचवायला निघालेल्या खेळाडूचा अर्धा जीव स्वतःच्या टेबलावर, अर्धा शेजारच्या स्कोअरबोर्डवर असतो. ५,००० पौंडांचा तो सामना कधी कधी पुढची दोन वर्षं ठरवतो. तेव्हा गणित न बघणं उत्तम, पण ते कुणालाच जमत नाही. निदान सत्राच्या मधल्या वेळेत फोन बॅगेत ठेवावा.

२०,००० पौंडांची हमी आहे म्हणतात. तो पगार आहे का?

पगार नाही, हमी आहे. २०२२-२३ च्या मोसमात ती सुरू झाली. वर्षभरात बक्षिसं २०,००० पौंडांच्या खाली राहिली तर फरक भरून दिला जातो. १४,००० कमावलेत तर ६,००० मिळतील, ३५,००० कमावलेत तर वर काहीच नाही. भरून दिलेली रक्कम क्रमवारीत धरत नाहीत, त्यामुळे पोट भरतं पण कार्ड वाचत नाही.

पौंडाला ११५ रुपये धरले तर हे २३ लाख होतात. ठाण्यात बसून ऐकायला छान वाटतं. पण ही रक्कम खर्चाआधीची आहे आणि खर्च पौंडात होतो.

खर्च नेमका कशावर होतो?

घरभाडं सगळ्यात मोठं. त्याखालोखाल प्रवास. मग क्लबचं टेबल किंवा अकादमीची फी, प्रशिक्षक, व्हिसा, विमा आणि शेवटी सामान. बाहेरच्यांना क्यू (खेळायची काठी) महाग वाटतो, पण तो एकदाच घेतला जातो. माणूस खचतो तो आयत्या वेळी काढलेल्या विमानाच्या तिकिटांनी, कारण आठवडाभर आधीपर्यंत आपण पुढच्या फेरीत आहोत की नाही हेच माहीत नसतं. तारीख बदलता येणारं तिकीट महाग पडतं आणि स्वस्त तिकीट वाया जातं. जिंकण्याची शक्यता प्रामाणिकपणे निम्म्याहून कमी असेल तर परतीचं तिकीट लवकरच्या तारखेचं काढावं. जिंकलात तर बदलण्याचा भुर्दंड बक्षिसातून निघतो.

पात्रता सामना इंग्लंडमध्ये होतो, तर मग चीनला का जावं लागतं?

चीनमधल्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या साधारणपणे लेस्टर, शेफील्ड अशा ठिकाणी आधी उरकतात. पण प्रेक्षक हवे असलेल्या बड्या खेळाडूंचा पहिला सामना राखून ठेवला जातो आणि प्रत्यक्ष स्पर्धेच्या ठिकाणी, वुहान किंवा शीआनला, खेळवला जातो. सोडतीत तुमचं नाव जगज्जेत्यासमोर आलं तर तुम्हालाही तिथे जावं लागतं. बाकीचे तुमच्याच क्रमांकाचे खेळाडू लेस्टरला रेल्वेने जाऊन हरतात, तुम्ही अर्धी पृथ्वी ओलांडून हरता. खालच्या खेळाडूंची ही तक्रार जुनी आहे आणि आमच्या मते रास्त आहे.

सोडत आली की पहिल्यांदा तुमचा सामना राखीव आहे का ते बघा, व्हिसाची फाइल त्याच दिवशी काढा.

इंग्लंडमध्ये राहणं सक्तीचं आहे का?

नियमाने नाही, व्यवहाराने हो. पात्रता फेऱ्या तिथे, सरावाला जोडीदार तिथे. शेफील्डमध्ये व्यावसायिकांच्या अकादमी आहेत आणि चिनी खेळाडूंची मोठी वसाहतच आहे. लेस्टरला मॅटिओली अरेनामध्ये (पूर्वीचं मॉर्निंगसाइड अरेना) बरेच सामने होतात, आणि गुजराती वस्तीमुळे तूरडाळ-पिठाची ददात नाही, हा आपल्या माणसाला लहान वाटणारा पण सहा महिने टिकायला मोठा फायदा.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी आंतरराष्ट्रीय खेळाडू प्रवर्गाचा व्हिसा बघावा. त्याला खेळाच्या नियामक संस्थेचं शिफारसपत्र लागतं. खरा गुंता पुढे आहे. पासपोर्ट एकच असतो. तो चीनच्या व्हिसासाठी जमा असताना जर्मन मास्टर्ससाठी शेंगेन व्हिसाची तारीख येते. वर्षाचं वेळापत्रक जाहीर झालं की कोणत्या आठवड्यात पासपोर्ट कुठे असेल याचा तक्ता करा. आणि बेलफास्टला जाताना डब्लिनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर हुरळू नका. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये आहे, डब्लिन नाही, तिथे वेगळा व्हिसा लागू शकतो.

मुंबई-पुण्याच्या क्लबात भलेभले ब्रेक होतात, मग टूरवर तोच खेळाडू का बिचकतो?

टेबलामुळे. टूरवर स्ट्रॅचन ६८११ हे पातळ, वेगवान कापड असतं, स्पर्धेसाठी नवं ताणलेलं, खाली टेबलाची दगडी पाटी गरम केलेली. आपल्याकडे कापड महिनोन् महिने चालतं आणि पावसाळ्यात ओल धरतं, चेंडू जड पळतात. क्लबात जो स्क्रू (उलट फिरकीचा फटका) पांढऱ्या चेंडूला फूटभर मागे आणतो, तोच फटका तिथे दोन-अडीच फूट आणतो. निळ्यावरून काळ्याकडे येताना पोझिशन हुकायला एवढं पुरेसं आहे. खेळाडू मग फटका आखडतो, आखडला की क्यू सरळ जात नाही, आणि पॉटही (चेंडू पॉकेटमध्ये घालणंही) चुकतो. बघणारा म्हणतो दडपण आलं. मूळ दुखणं वेगाचा अंदाज.

दुसरी गोष्ट पॉकेट. कुशनला लागून जाणारा लाल पार्लरच्या टेबलावर जोरात मारला तरी आत घसरतो. टूरच्या टेबलावर पॉकेटची कड तो बाहेर फेकते. असे चेंडू हळू, शेवटच्या वळशाने पडतील एवढ्याच जोरात मारायची सवय आधीपासून लावावी लागते.

घरी राहून करता येणारा सराव: निळा त्याच्या जागेवर, पांढरा सरळ रेषेत दोन-अडीच फुटांवर. निळा मधल्या पॉकेटमध्ये घालून पांढरा एकदा जागीच थांबवायचा, एकदा सहा इंच पुढे, एकदा सहा इंच मागे. वीस वेळा. टेबल बदललं की पहिली दहा मिनिटं हेच. स्पर्धेच्या ठिकाणी सरावाची वेळ अगदी थोडी मिळते, ती लांब पॉट मारून मिरवण्यात घालवू नका. कुशनचा उसळा आणि कापडाचा वेग बघा, पुरे.

आणि ‘हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे’ या पार्लरच्या पद्धतीने खेळलेल्या शंभर फ्रेमपेक्षा तुमच्याहून सरस खेळाडूबरोबरच्या दहा फ्रेम जास्त शिकवतात. खालच्या क्रमांकाच्या खेळाडूला बहुधा तसा जोडीदारच मिळत नाही, कारण वरच्यांना त्याच्याशी खेळून काही मिळत नाही. अकादमीच्या फीत तुम्ही खरं तर हा जोडीदार विकत घेता.

क्यू विमानातून कसा न्यावा?

केबिनमध्ये बहुतेक कंपन्या घेऊ देत नाहीत, सामानात द्यावा लागतो. तीन-चतुर्थांश जोडाचा (तेवढ्या लांबीवर दोन तुकडे होणारा) क्यू असेल तर पेटी आखूड होते. बाहेरून कडक नळीचं कवच, आत क्यूची नेहमीची पेटी, मधली पोकळी टॉवेलने भरलेली, नाहीतर टोकावर आपटून फेरूल (टोकाची धातूची कडी) सैल होतं. पेटीच्या आत नाव-फोनची चिठ्ठी. पोहोचल्यावर पेटी उघडून क्यू सपाट ठेवायचा. हीटरजवळ नाही, भिंतीला टेकवून तर मुळीच नाही. अ‍ॅश लाकूड मुंबईच्या दमट हवेतून तिथल्या कोरड्या, तापवलेल्या खोलीत गेलं की बाक धरू शकतं.

सामन्याच्या दोन दिवस आधी पोहोचा. सामान हरवलं तर शोधायला तेवढा वेळ लागतोच, आणि उसन्या क्यूने कुणी जिंकत नाही.

टिप (क्यूच्या टोकाचं चामडं) कधी बदलावी?

स्पर्धेनंतर. आधी कधीच नाही. साडेनऊ-दहा मिलिमीटरची नवी टिप दबून, कडेने फुगून, पुन्हा छाटून बसायला बरेच तास खेळावं लागतं. तोवर बाजूचा स्पिन लावलेला पांढरा कुठे वळेल याचा भरवसा नसतो. एकाच डबीतल्या तीन-चार टिप ठेवा, त्यातल्या त्यात सारख्या निघतात. टिपला चकाकी आली की चॉक धरत नाही आणि मिसक्यू होतो, म्हणजे टिप चेंडूवरून घसरते. खरखरीत कागदाने हलकं उठवा, घासून संपवू नका. चॉक बदलायचा असेल तर तोही दोन स्पर्धांच्या मधल्या काळात.

कोणती स्पर्धा खालच्या खेळाडूला खरी फायद्याची?

चॅम्पियनशिप लीग. चौघांचा गट, चार फ्रेमचे सामने, बरोबरी चालते, आणि बहुतेक वेळा एकाच दिवसात उरकतं. एका हॉटेलच्या भाड्यात तीन सामने हमखास, आणि गटात तळाला न राहिल्यास काही ना काही हातात. शिवाय पहिला सामना हरूनही दिवस संपत नाही.

टप्प्याटप्प्याच्या सोडतीवर मतं दोन आहेत. जुन्या सरसकट १२८ च्या सोडतीत तळाचा खेळाडू पहिल्याच दिवशी वरच्या ६४ पैकी कुणासमोर यायचा. टप्प्यांच्या पद्धतीत आधी बरोबरीच्याशी गाठ पडते आणि एक सामना जिंकून निदान भाडं सुटतं. टीव्ही मात्र लांब राहतो. पोटाचा विचार केला तर आम्हाला दुसरी पद्धत बरी वाटते.

सट्टेबाजी, सामना सोडणं याचा मोह किती?

मोह पैशाच्या चणचणीतून येतो, आणि तो खाली जास्त असतो. नियम साफ आहे: टूरवरच्या खेळाडूने स्नूकरवर कुठेही, कसलाही सट्टा लावायचा नाही. आपल्या हाताला दुखापत आहे ही माहिती मित्राला देऊन त्याने पैसे लावले तरी तो गुन्हा. कुणी विचारणा केली आणि तुम्ही नाही म्हणून गप्प बसलात, तरी कळवलं नाही म्हणून शिक्षा होते. २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली, त्यात लिआंग वेनबो आणि ली हांग यांना आजन्म बंदी. त्याच प्रकरणात वीस महिने बाहेर राहिलेला झाओ शिनतोंग पुढे हौशी म्हणून पात्रता फेऱ्या खेळत आला आणि २०२५ चा जगज्जेता झाला. ते उदाहरण देऊन कुणी ‘काही होत नाही’ म्हणालं, तर बाकीच्या नऊ जणांकडे बोट दाखवा.

प्रायोजक किंवा नोकरी?

साठाच्या खालच्याला टीव्ही क्वचित मिळतो, त्यामुळे वेस्टकोटवरच्या बिल्ल्याला बाजारभाव नसतो. पैसे देतो तो ओळखीचा उद्योजक, आणि तो जाहिरातीसाठी देत नाही, जिव्हाळ्याने देतो. म्हणून त्याला दर महिन्याला दोन ओळींचा हिशेब पाठवा: काय खेळलो, किती आले, किती गेले. दुसऱ्या वर्षी पैसे बंद होतात ते बहुतेक वेळा निकालांपेक्षा या मौनामुळे.

भारतात तेल कंपन्या आणि रेल्वे क्यू स्पोर्ट्सच्या खेळाडूंना नोकरी देत आल्या आहेत. पंकज अडवाणी ओएनजीसीत आहे. अशी नोकरी हातात असेल तर ती सोडून नव्हे, रजेची लेखी परवानगी घेऊन टूरवर जावं. परदेशात बक्षिसातून कर कापला गेला तर प्रमाणपत्र तेव्हाच मागून घ्या, इथे सवलत मिळवायला ते लागतं.

आपल्याकडचं कुणी तिथे टिकलंय का?

मुंबईचा यासिन मर्चंट १९८९ मध्ये आशियाई विजेता झाला आणि व्यावसायिक होणारा पहिला भारतीयही तोच. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी २०१२ ते २०१४ टूरवर होता, वेल्श ओपनची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि मग स्वतःहून परतला. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली, डिंग जुनहुईकडून ०-५ हरला. पुढच्या वर्षी पॉल हंटर क्लासिकमध्ये १४७ चा, म्हणजे सर्वोच्च, ब्रेक केला. मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ मध्ये टूरवर आला आणि २०२४ च्या इंग्लिश ओपनमध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला. असा एक आठवडा पहिल्या फेरीतल्या दहा विजयांपेक्षा क्रमवारीत जास्त वजन टाकतो.

कार्ड गेलं तर?

लगेच पुढच्या क्यू स्कूलला नाव घालावं की नाही, हा पैशाचा प्रश्न आहे. मोसम संपल्यावर ती थोड्याच आठवड्यांत येते, दमलेल्या अंगाने आणि रिकाम्या खात्याने. दोन वर्षांत तुम्ही जिंकलेल्या सामन्यांपैकी किती स्वतःहून वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंविरुद्ध होते ते मोजा. चांगला आकडा असेल तर पुन्हा जा. नसेल तर वर्षभर क्यू टूर आणि देशांतर्गत स्पर्धा खेळून, शिकवण्या घेऊन पैसा साठवा. टूर खेळून आलेल्या प्रशिक्षकाला मुंबईतल्या जिमखान्यांत आणि खासगी अकादमींत मागणी आहे. इंग्लंडमधल्या भाड्याच्या घराची नोटिशीची मुदत मात्र निकाल लागायच्या आधीच, मार्चमध्ये, बघून ठेवा. कार्ड गेल्यावर रिकाम्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं भरणारे खूप आहेत.